आईची घडीची खुर्ची

६ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. माझा फोन हल्ली आईच्या हातात असतो. कडे आणि बर्फ चढण्याचे जे व्हिडिओ आम्ही काढतो ते ती त्यावर बघत बसते, आणि मधेच कुणाचा मेसेज आला की तोही मोठ्यानं वाचून दाखवते. तेव्हा उत्तर स्टुडिओच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

संकट असं आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही गोठलेला धबधबा करणार आहोत. चढणार आमची पाल. ती खरी दातांची डॉक्टर, पण भिंतीला अशी चिकटते की सगळे पालच म्हणतात. हा धबधबा अजून कुणीच पुरा चढलेलं नाही. तीही अर्ध्यातून परत आलेली आहे. यंदा बर्फ वरपासून खालपर्यंत घट्ट धरलाय, पुन्हा कधी धरेल सांगता येत नाही. आणि आई म्हणते, मी पण येते! तू खालीच उभा राहून शूटिंग करतोस ना, मग मी शेजारी बसेन. तिनं घडीची खुर्ची विकत आणलीये, मावशी. लाल. कप ठेवायला बाजूला खळगासुद्धा आहे.

तू तिची मोठी बहीण. थंडीची भीती घाल, गुडघ्यांची घाल, पण तिला थोपव.

तुझा लोभ आहेच. या वेळी तो जरा कामाला लाव.

तुझा,
टिल्ल्या

९ जानेवारी

चि. टिल्ल्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

तुझं पत्र पार्लरमध्ये एका बाईंच्या केसांना रंग लावता लावता वाचलं. त्यांचा कानही थोडा रंगला. आई शेजारी बसली तर बिघडतं काय, हे तू शिताफीनं लिहिलंच नाहीस, म्हणून मीच लिहिते. तू खाली उभा नसतोसच! तुमचा तो उन्हाळ्यातला कातळाचा व्हिडिओ मी गिऱ्हाइकांना टीव्हीवर लावून दाखवते. त्यात तुझ्या पालीचा भांग दिसतो. वाकडा आहे, आणि भोवऱ्यापाशी केस विरळ झालेत. जन्मभर लोकांच्या डोक्यांकडे वरून बघत आलेय मी. खाली उभ्या माणसाला भांग दिसत नाही, बाळा. म्हणजे तू तिच्याही वर दोराला लोंबकळत होतास.

मनगट मोडून घेतलंस तेव्हा आईसमोर कानाला खडा लावला होतास, की पुन्हा चढणार नाही, फक्त कॅमेरा धरेन. ती बिचारी जिन्यात भेटेल त्याला सांगते, आमचा मुलगा खाली उभा असतो हो. तिला कळलं तर तुझं चढणं कायमचं बंद होईल, आणि ती अंथरूण धरेल ते वेगळंच.

तिला फोन केला, गुडघ्यांचा विषय काढला. तर म्हणते कशी, लोकरीचे गुडघेपट्टे विणायला घेतलेत, एक जोड टिल्ल्यासाठीही आहे. मी हात टेकले. तिला शेंडी लावायचीच असेल तर खाली तिवई मांड, तिच्यावर एखादा कॅमेरा बसव, तिला तिथे बसव आणि काही निमित्त काढून सटक. बदल्यात माझ्या पार्लरची जाहिरात फुकट करून द्यायची. संगीतासकट.

एक मात्र ऐक. तुझ्यासाठी खोटं बोलायला मी केव्हाही तयार आहे, रडायला तयार नाही. हेल्मेट घाल. पालीलाही घालायला लाव, भांगही झाकला जाईल.

लोभ आहे, पण त्याचा अंत बघू नकोस.

तुझी,
मावशी

१७ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न., उड्या मारत.

फत्ते! पाल वर पोचली, आणि आईला पत्ताही लागला नाही.

सकाळी आईनं खुर्ची थेट तिवईला खेटून मांडली. सगळ्यांना चहा पाजला, मग पालीपुढे आ करून दाढ दाखवली. पालीनं हातातली बर्फाची कुऱ्हाड तशीच धरून सांगितलं की काढावी लागेल. त्यानंतर आई तिच्याशी जपूनच बोलत होती.

खरी पंचाईत पुढेच झाली. पालीच्या आधी मला बाजूला वरून सोडलेल्या दोरावरून वर जायचं होतं. ती काट्यांचे बूट घालून खाली ताटकळत उभी, आणि मी तिवईला मिठी मारून. चार निमित्तं घोकून ठेवली होती, पण आई इतक्या कौतुकानं माझ्याकडे बघत होती की एकही तोंडातून फुटेना. पालीला खूण करणारच होतो, की तू जा, चित्रण राहू दे. तेवढ्यात आईच कुडकुडायला लागली. म्हणाली, मला नाही सोसत, गाडीत जाऊन जरा डोळे मिटते, तुझं झालं की उठव. गाडीची पाठ धबधब्याकडे होती. असं नशीब कुणाचं असतं?

मग मी सुटलोच. वरच्या टप्प्यात पालीची एक कुऱ्हाड निसटली, बर्फाचा हा एवढा ढलपा माझ्या बाजूनं खाली गेला, आणि ती एका हातावर लटकली. तो चेहरा मी टिपलाय, मावशी. वर पोचल्यावर ती रडली. आता म्हणते, रडलेच नाही. खाली येऊन बघतो तर आई गाडीत चक्क घोरत होती! तुझ्या बहिणीइतकी भोळी बाई मी पाहिली नाही.

लोभ वाढवावा, जाहिरात लवकरच करतो.

तुझा,
टिल्ल्या

१८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण तो शेजारच्या खोलीत शीळ घालत बसलाय. तू गुडघ्यांचं काढलंस तेव्हाच ओळखलं मी, की तुलाही त्यानं फितवलंय.

मला पहिल्या व्हिडिओपासून ठाऊक आहे. कॅमेरा धरणाऱ्याची धाप ऐकू येते त्यात, आणि धापेबरोबर नाकातून बारीक शिट्टी. लहानपणी उनाडून जिना धावत चढायचा आणि शेजारी अभ्यास करत होतो म्हणायचा, तेव्हाही अशीच वाजायची. तिवईशी उभ्या माणसाला धाप लागत नाही.

भांडणार होते. मग लक्षात आलं, उघड चढायचा तेव्हा दर वेळी काहीतरी फोडून घ्यायचा. चोरून चढायला लागल्यापासून अंगावर ओरखडा नाही. मला साधी पट्टीसुद्धा दिसून चालणार नाही ना! माझ्या रागानं जे जमलं नाही ते माझ्या भोळेपणानं केलं. म्हणून मी भोळी राहते.

तरी एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. खुर्ची घेतली, कारण उभ्यानं बघण्याची हिंमत नव्हती. पण तिथे तो जाईचना. ती मुलगी खाली थांबलेली, आणि हा वर बर्फाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. माझ्यापायी त्याचे पाय अडकलेले मला बघवेनात. मग कुडकुडले, आणि गाडीत स्टिअरिंगच्या जागी जाऊन बसले. काच खाली केली, बाहेरचा आरसा हातानं वळवला. सगळा धबधबा त्यात मावला.

टिल्ल्या मुंगीएवढा दिसत होता. गाठ तपासायचा, पुढे सरकायचा, पुन्हा तपासायचा. वरून बर्फ कोसळला तेव्हा हॉर्नवर हात जाऊ नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तो खाली आला तेव्हा घोरले. मी घोरत नाही, हे घरात राहून त्याला माहीत नाही!

ताई, किती सुरेख चढतो गं तो. मला अभिमानानं भरून आलं, आणि ते त्याला सांगायची सोय नाही, एवढंच सलतं. तू काही बोलू नकोस.

दोघांवरही लोभ ठेव, आणि दोघांचंही गुपित.

तुझी,
धाकटी

२१ जानेवारी

चि. टिल्ल्यास,
अनेक आशीर्वाद. धपाटा माफ.

तुझी आई अगदीच भोळी, तिला काही म्हणजे काही कळलेलं नाही. ते तसंच राहू दे. मात्र ध्यानात ठेव, एक ओरखडा जरी तिला दिसला तरी खेळ संपला. तिनं विणलेले गुडघेपट्टे चढताना घालत जा. खाली उभ्या राहणाऱ्याला ते कशाला लागतात, असं तिला विचारत बसू नकोस.

आणि हो, तुझं परवाचं चढणं एका जाणकार बाईनं लांबून, सगळं, शेवटपर्यंत पाहिलं. ती म्हणाली, किती सुरेख चढतो गं तो. कोण ते विचारू नकोस. हाताखाली आलेल्या डोक्यांची गुपितं मी कधी फोडत नाही.

लोभ आहे, तू मोजतोस त्यापेक्षा जास्त माणसांचा.

तुझी,
मावशी