आईच्या हातावरची तुळस

देऊळगाव राजा
ता. १५ नोव्हेंबर १९६४

तीर्थरूप भाऊस,

निवृत्तीचा नमस्कार. घरी ठीक आहे. कपाशीची पहिली वेचणी झाली. आमच्या फोटो स्टुडिओचे मालक भगवंतराव तुझी विचारपूस करतात.

या महिन्याचा फोटो उशिरा पाठवतो आहे. दोन वर्षांत असे झाले नव्हते. आईचा सुजलेला हात त्याच पाटावर, बाजूला तीच फूटपट्टी, उजेड त्याच खिडकीचा, हे मी चुकू दिले नाही. तू म्हणाला होतास, शाईचे ठिपके धुतले जातात, गोंदण जात नाही. तिच्या हातावरच्या तुळशीचे ठिपके एकमेकांपासून किती लांब गेले ते फोटोवर मोजले की कातडी किती ताणली ते कळेल, आणि त्यावरून औषध ठरेल. तू पाठवलेल्या औषधाच्या पुड्या ती अंगाऱ्यासारख्या आधी कपाळाला लावून मग घेत असे.

दिवाळीआधी मी फराळाचा डबा घेऊन तुझ्या मेडिकल कॉलेजात आलो होतो. तुला कळवले नाही.

तिथल्या प्रदर्शनात आईच्या हाताचे माझे फोटो ओळीने लावले होते, शेजारी दुसऱ्या एका बाईच्या सुजल्या हाताचे. तू पाहुण्यांना समजावत होतास, मी दाराशी होतो. "त्या दुसऱ्या बाईला औषध दिलं. हिला मुद्दाम दिलं नाही, पुड्यांत नुसती पिठीसाखर. म्हणून ताण नीट मोजता आला." एकाने विचारले, ही बाई कोण? तू म्हणालास, "आहे खेड्यातली एक, ओळखीची."

मी आत आलो नाही. लाडू जालन्याच्या स्टँडवर वाटून टाकले. आईला सांगितले, भाऊने आवडीने खाल्ले.

जालन्याच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या सुरू केल्या आहेत. ते म्हणाले, सूज आता वाढणार नाही, पण पुरती उतरणारही नाही. लवकर आणायला हवे होते.

पुड्यांचे तिला सांगितलेले नाही. परवा तिने आपणहून हात पाटावर ठेवला. मी म्हटले, आता फोटो नको.

"काऊन रे? त्याले मोजा लागते नं. तेवढ्यासाठी तरी तो माह्याकडे पाह्यते."

मग काढला. फूटपट्टी ठेवली नाही. हात पदराखाली घ्यायला सांगितला. सोबतच्या फोटोत तिचा फक्त चेहरा आहे. बाई कोण, असे पुन्हा कोणी विचारले तर जवळ असू दे.

वच्छलाबाईंचा मुलगा,
निवृत्ती