फुग्यांच्या बंदुकीचा दस्ता

आई,

तुझ्या फुगे फोडायच्या बंदुकीवरून आम्हा बहीण-भावाचं चांगलंच वाजलं. तू असतीस तर दोघांच्या हातात फुग्यांची पुडी देऊन फुगवत बसवलं असतंस. तोंडाला फुगा असला की भांडता येत नाही, हा तुझा जुना उपाय. तू जाऊन आता इतकी वर्षं झालीत की तक्रार करायला आम्हा दोघांच्या वरचं कोणी उरलेलं नाही, म्हणून तुलाच लिहितोय. दुकानात सकाळी गिऱ्हाईक नसतं, आणि झेरॉक्सच्या मशीनमधून वाकड्या निघालेल्या पाठकोऱ्या कागदांचा ढीग कायम पडलेला असतो. त्यातलेच हे दोन घेतलेत.

धाकटी वसईहून परत आलीय. जावई वारल्यापासून तिचं सगळं त्या पॅकिंगच्या कंपनीवर चाललं होतं. कंपनी बंद पडली, तशी खोली सोडून ती जव्हारला माझ्याकडं आली. येऊन नीट टेकलीही नव्हती, तर म्हणाली, पावसाळ्यात शिरपामाळला रविवारी फिरायला लोक येतात, मी आईची फुग्यांची फळी लावते. मला बरंच वाटलं. फळी माळ्यावर होती, फुगे न्यायची तुझी मच्छरदाणी होती, निळा पडदा तेवढा उंदरांनी खाल्ला होता. मग तिनं भिंतीवर टांगलेल्या बंदुकीकडं बोट केलं आणि म्हणाली, हिचा तडकलेला दस्ता आधी सुताराकडून नीट करून घेते. तिथं मी आडवा आलो.

त्या फळीचे दिवस मला अजून लख्ख दिसतात. स्वयंपाकघरात एकीकडं भात रटरटतोय आणि तू पाटावर बसून गाल फुगवतेस. मी फुग्यांना दोरा बांधतो, धाकटी एकेक मच्छरदाणीत सोडते. भात होईपर्यंत मच्छरदाणीचा एवढा मोठा गोळा होतो की तो दारातून तिरका करून काढावा लागतो. डोक्यावर फुगे आणि खांद्यावर बंदूक घेऊन तू बाजारातून निघालीस की दुकानदार म्हणायचे, बाई आज उडणार बघा. तू मान न वळवता म्हणायचीस, उडाले तर फळी तुम्ही सांभाळा.

एकदा एक भरदार मिशांचा पाहुणा आला होता, बायकोपोरांसमोर ऐटीत उभा राहिला आणि त्याचा एकही छर्रा फुग्याला लागला नाही. मी खो खो हसलो. तू सगळ्यांदेखत माझा कान धरलास आणि म्हणालीस, "हसायचं नाही. तो पैसे देऊन चुकतोय." मग पदरानं दस्ता पुसून बंदूक पुढच्या माणसाला दिलीस. प्रत्येकानंतर तू तो पुसायचीस, कारण प्रत्येकाचा गाल तिथंच टेकायचा. गालांचं तेल आणि तुझा पदर यांनी ते लाकूड काळं, गुळगुळीत झालं होतं. दुकानात बसून इतक्या तऱ्हेची माणसं पाहिली, पण गिऱ्हाइकाला हसू नये हे मी त्या दिवशी शिकलो ते शिकलोच.

दस्ता तडकला तो वाऱ्यानं. शिरपामाळच्या वाऱ्याला काही धरबंध नाही. फळी उलटली, तिच्यासोबत बंदूक कातळावर आपटली आणि मुठीपासून मागं लांब चीर गेली. मला वाटलं, आता तू रडशील. तू फुटलेले फुगे गोळा केलेस, शेजारच्या गाडीवरून चहा मागवलास, तो शांतपणे प्यायलीस. मग त्याच गाडीवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब घेतलीस, तिची लांब पट्टी कापलीस आणि दातात एक टोक धरून दस्त्याला करकचून गुंडाळून गाठ मारलीस. तेव्हापासून छर्रा थोडा डावीकडं जायचा. लहान पोरांना तू ते कानात सांगायचीस. फुशारकी मारणाऱ्यांना सांगायची नाहीस.

तू गेल्यावर मी बंदूक भिंतीवर लावली. दरवर्षी दसऱ्याला खाली काढतो, त्या रबरी पट्टीला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. तुझ्या साड्या वाटल्या गेल्या, भांडी झिजली, फोटोत तू ओळखू येत नाहीस. ती गाठ तेवढी राहिली होती, तुझ्या दातांनी आवळलेली. धाकटीनं विचारल्यावर सुतार म्हणाला, पट्टी सोडावी लागेल, चिरेत सरस भरून दोन खुंट्या मारीन, वर सगळा दस्ता घासून काढीन. नाहीतर सागाचा नवा करतो. मी धाकटीला म्हटलं, तुला नाशिकहून नवी बंदूक आणून देतो, हिला हात लावू नकोस. ती म्हणाली, "दादा, तुला ती पूजेला हवीय आणि मला कामाला. आईनं ती कशाला आणली होती?" मी आवाज चढवला.

मग घरात अबोला. ती नागलीची भाकरी ताटात टाकायची, मी मुकाट्यानं खायचो. पाऊस धरत होता, रविवार जवळ येत होते आणि तिची फळी भिंतीला तशीच टेकून उभी होती. मला ते दिसत नव्हतं असं नाही. तिचं पोट त्या फळीवर आहे हे मला कळत होतं, पण गाठ सोडायची म्हटलं की मी उठून दुकानात जाऊन बसायचो. शेवटी एका दुपारी जेवताना मीच बोललो. म्हटलं, "आईच्या हातची गाठ आहे ती. मी असेपर्यंत सुटणार नाही."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "ती गाठ माझी आहे."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. तू गेलीस त्या वर्षीच्या दसऱ्याला बंदूक पुसायला मीच तिला सांगितलं होतं. पुसताना तुझी पट्टी हातात तुकडे तुकडे होऊन आली. रबरच ते, उन्हापावसात किती टिकणार. मी तेव्हा तुझी वाटीसुद्धा कोणी हलवली तरी अंगावर धावून जायचो. तिला माझी भीती वाटली आणि कीवही आली. तिनं माझ्या जुन्या सायकलची पंक्चर झालेली ट्यूब कापली, तू गुंडाळली होतीस तशी खालून वर गुंडाळली, दातांनी ओढून गाठ मारली आणि बंदूक जागेवर ठेवली. पुढंही दिवाळीला माहेरी आली की गुपचूप बघायची, सैल झाली असेल तर बदलायची.

म्हणजे इतके दसरे मी माझ्याच सायकलच्या ट्यूबला हळदकुंकू वाहत होतो. मला राग आला, मग हसू आलं, आणि हसताना ठसका लागला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाली, "तुला सांगायचंच नव्हतं. तूच सांगायला लावलंस."

दुसऱ्या दिवशी बंदूक मीच सुताराकडं नेली. धाकटी सोबत होती. पट्टी तिनंच सोडली, तिलाच येत होती. आतली चीर मी पहिल्यांदा नीट पाहिली. बाहेर सगळं काळं आणि आत लाकूड अजून पिवळं. सुतारानं विचारलं, सांधू की नवा करू. धाकटी माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, सांधा. पण गालाची जागा तेवढी घासू नका म्हणून मी सांगायला गेलो, तर ती म्हणाली, घासायला हवी, तिथंही चीर आलीय, लोकांच्या गालाला लाकडाची कूस टोचेल.  सुतार घासत असताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तर पट्टी तिनं घडी करून पिशवीत टाकलेली, मच्छरदाणीचं तोंड बांधायला होईल म्हणून. मागावीशी वाटली, मागितली नाही.

सरस वाळतोय. रविवारी फळी लागेल. हे कागद मी कुठं टाकणार नाही, कुणाला दाखवणारही नाही, धाकटीला तर नाहीच. तिला हे ऐकून वाईट वाटेल की बरं, मला सांगता येत नाही. तू कातळावर बसलीयस, दातात ट्यूब आहे, वाऱ्यानं पदर उडतोय, हे सगळं अजून जसंच्या तसं दिसतं. पण सकाळपासून त्यातले हात बघायला जातोय तर दर वेळी धाकटीचेच दिसतात. तुझे कसे होते, ते मला आठवत नाही.