भुवया गळत नाहीयेत

वहिनी,

खोलीबाहेर आलीस की आधी हे वाच, मग आरशात बघ. सकाळी उशीवर सापडल्या त्या भुवया नव्हेत, खपल्या आहेत. आजारपणात खऱ्या गेल्या तशा या गोंदलेल्याही चालल्या असं वाटून तू दार लावून बसलीस. इकडे दादाने त्या खपल्या चिमट्याने वेचून डबीत भरल्या आणि मला घेऊन थेट तुझ्या भुवया गोंदणारी ती भुवयावाली गाठली. तिने डबीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे केरात टाका! आठवड्याने खपली पडायचीच. खालचा रंग आता फिका दिसेल, महिन्याभरात खुलेल." दादाने तीनदा विचारलं, बिचारीने तीनदा सांगितलं.

परत आलो तर तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. भुवयांना पाणी लावू नकोस, मलम अगदी पुसटसं लाव. खाज सुटली तर मला शिव्या घाल, पण नख लावू नकोस. तुला तिथे ओढून नेणारी मीच ना! जेवण झाकून ठेवलंय.

आम्ही कामावर निघालो. दादा जिन्यात शीळ घालतोय. वर्षभरात पहिल्यांदाच.

तुझी आगाऊ नणंद