उलटे आकडे

सोमवार, ३ तारीख

शाळेतून चिठ्ठी आली. नातीची बुद्धी मोजायची म्हणे! मी म्हटलं, मोजा की. ताटात मावली नाही तर परात आणा. सूनबाई हसली नाही.

नात आठ वर्षांची. मी तिला खार म्हणते — गालात काय काय साठवते आणि विचारलं की नुसती बघते. वर्गाच्या बाईंचं म्हणणं, मुलगी विसरते. डबा विसरते, बाटली विसरते, सहीची वही दोनदा विसरली, तीनदा उशिरा आली. चाचणीत कमी पडली तर तिला वेगळ्या वर्गात बसवणार. मैत्रिणी इकडे, ही तिकडे.

मुलगा तिला म्हणाला, "लक्ष कुठे असतं गं तुझं?"

"विसरले, बाबा." बस, एवढंच.

ही दोघं सकाळी लवकर कामाला जातात, खारीचं सगळं मीच बघते. डबा मी स्वतः भरते. आता उचलायचा तरी तिने ना!

बुधवार, ५ तारीख

आजही उशीर. खूप ओरडले तिला. म्हटलं, डोकं आहे की खोकं?  तिने माझा चष्मा तेवढा शोधून दिला. फ्रिजमध्ये होता. कोण ठेवतं असल्या जागी, कमाल आहे.

शनिवार, ८ तारीख

चाचणी झाली. लांब टेबल, बुटकी खुर्ची, दाराला काच. मोजणाऱ्या बाई अगदी तरुण, आवाज मऊ. मला वाटलं छडी असेल, तर हातात नुसतं घड्याळ. आमच्या वेळी बुद्धी हातावर मोजायचे. दुसरीपर्यंत मोजून घेतली मी, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं. लिहायला शिकले तेवढं पुरतं.

तर बाईंनी लाल-पांढरे ठोकळे दिले. समोरच्या चित्रासारखी नक्षी जुळवायची. मी काचेतून बोटाने खुणावलं — पांढरी बाजू वर कर, पांढरी! खारीने बघितलं आणि तोंड फिरवलं. मग बाईच बाहेर आल्या. "आजी, चाचणी तिची आहे. तुम्ही बाकावर बसा बघू." बसले.

घरी येताना म्हटलं, काय काय विचारलं सांग. म्हणाली, आकडे सांगतात, ते शेवटाकडून उलटे म्हणायचे. मग मलाच विचारलं, "सात, दोन, नऊ."

मी म्हटलं, नऊ... आणि?

"जाऊ दे आजी. हा खेळ बरा नाही." आणि कुलूप तिनेच उघडलं. किल्ली हल्ली तिच्याच खिशात असते.

गुरुवार, १३ तारीख

आधी आनंदाचं लिहिते. खारीने सहा आकडे उलटे म्हटले! निकालाला बोलावलं होतं, मोजणाऱ्या बाई म्हणाल्या, या वयाची बरीच मुलं तीन-चारावर थांबतात. वेगळा वर्ग वगैरे काही नको. मी मुलाला म्हटलं, सांगितलं नव्हतं, परात आणा?

मुलगा म्हणाला, "मग ही डबा कसा विसरते?"

बाईंनी दार उघडलं. "आजी, तुम्ही दोन मिनिटं बाहेर बसता?"

काचेतून ऐकू काही येत नव्हतं. सूनबाईने तोंडावर हात ठेवला. मग तिघांनी एकदमच काचेकडे बघितलं. माझ्याकडे.

घरी आल्यावर खारीला जवळ बसवलं. "खरं सांग. डबा तू विसरायचीस?"

"हो."

"खार!"

पायाच्या अंगठ्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "तू रिकामा देतेस. कधी कधी."

"आणि उशीर?"

"तू दार लावून परत आत येतेस. मग मला म्हणतेस, अंघोळ कर. मी दोनदा केली अंघोळ. एकदा तीनदा."

"अगं, मग सांगायचं ना कोणाला!"

"बाबा आईला म्हणाले होते, आजीचं असं वाढलं तर तिला थोरल्या काकांकडे ठेवू. मी विसरले म्हटलं की मलाच ओरडतात. तुला कोणी काही म्हणत नाही."

गॅस बंद केला का, गोळी घेतली का, किल्ली, चष्मा — एवढं सगळं आठ वर्षांच्या डोक्यात. सहा आकडे काय, तिने साठ म्हटले असते.

वही मागे चाळली. बुधवारी मी तिला खोकं म्हटलंय. माझंच अक्षर. मला आठवतसुद्धा नाही.

शुक्रवार, १४ तारीख

मुलगा म्हणाला, "आई, त्या बाई मोठ्यांचीही चाचणी घेतात. एकदा बसशील?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय! थोरल्याचं घर चांगलंच आहे, पण तिथे खार नाही.

ती त्याच्या मागे उभी होती. मला मानेने खुणावत होती — नको म्हण, नको म्हण.

मंगळवार, १८ तारीख

मुलाने ऐकलं नाही, शनिवारी माझी चाचणी ठरली. खार रोज माझी तयारी करून घेते. वार, तारीख, महिना. दोघी मिळून घोकतो. शाळेत आजही डबा नव्हता. तिने आजही तेच सांगितलं — विसरले.

शनिवार, २२ तारीख (खारीला विचारून लिहिली)

तीच खोली. मला मोठी खुर्ची दिली. घाबरले होते, म्हणून दार थोडं उघडं ठेवलं. खार बाहेर बाकावर, मांडीवर माझा डबा — तिनेच भरलेला. बाईंनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी काचेकडे बघितलं. खार काचेला चिकटून ओठांनी सांगत होती. एकदा, दोनदा, डोळे मोठे करून.

मी तोंड फिरवलं. म्हटलं, बाई, मला आठवत नाही. लिहून घ्या.