दोनशे सहासष्ट चौकोन

३ तारीख, मंगळवार
ठरलं. बायको या तीस तारखेला हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर होतेय. निरोप समारंभात मी तिच्यावर सुनीत वाचणार. चौदा ओळी, शार्दूलविक्रीडितात. मुलगी म्हणाली, बाबा, साध्या चार ओळी लिहा, आईला आवडतील. साध्या ओळी कोणीही लिहितं. मी जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेत. आराखड्याशिवाय माझ्याकडून वीटही हलायची नाही.

८ तारीख, रविवार
ओळीत एकोणीस अक्षरं, ओळी चौदा. ड्रॉइंग पेपरवर दोनशे सहासष्ट चौकोन आखले. लघू पांढरा, गुरू निळा. बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबायचं. तिथे लाल रेघ. तक्ता फारच देखणा झालाय. कवींना हे आजवर सुचलं कसं नाही?

१५ तारीख, रविवार
भरलेले चौकोन एकतीस. पैकी बावीस 'हो', 'ही', 'ती', 'तो'. मुलीने विचारलं, यात आई कुठेय? म्हटलं, आधी भिंती, मग माणसं राहायला येतात. हसली. या पिढीला पाया म्हणजे काय, ते ठाऊक नाही.

२२ तारीख, रविवार. सकाळी
मजकूर कमी पडतोय. बायकोला सहज विचारलं, तू हॉस्पिटलात नेमकं काय काय करतेस? तिने कप खाली ठेवला. म्हणाली, एकतीस वर्षांनी विचारताय! मग दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि पोळ्या करायला गेली. वेळ चुकली असावी. नाहीतरी आशयावर फार विसंबू नये.

२९ तारीख, रविवार
एकशे बारा भरले. बाकीचे जाणूनबुजून रिकामे. 'अपूर्ण सुनीत' हा नवा प्रकार उद्या जाहीर करतो. परंपरा मोडायला आधी ती यावी लागते. मला येते.

३० तारीख, सोमवार
पाच मिनिटं दिली होती. तक्ता भिंतीला लावला. लघू-गुरू समजल्याशिवाय कविता डोक्यात शिरणार कशी? डॉक्टरांकडून टाळ्या वाजवून तीन-तीन अक्षरांचे गण पाठ करून घेतले. तिसऱ्या गणाला चिठ्ठी आली, वेळ संपला. कविता राहिली ती राहिलीच. चूक संयोजकांची.

माझ्यानंतर लिफ्टमन उठला. खिशातून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा काढला. चार ओळी. वृत्त नाही, यती नाही, यमक ओढूनताणून. म्हणणं एवढंच, की स्ट्रेचर आलं की मेट्रनबाई लिफ्टमधून बाहेर पडायच्या आणि पाच मजले जिन्याने चढायच्या. बायको रडली. मुलगी रडली. मघाशी टाळ्या वाजवणारे डॉक्टरही रडले.

मी रडलो नाही. मी मात्रा मोजत होतो. तिचे गुडघे कशाने गेले, हे मला लिफ्टमनकडून कळलं. हे बरं नाही झालं.

१ तारीख, मंगळवार
बायकोने पुठ्ठा पुढे ठेवला. म्हणाली, तुमचं अक्षर चांगलंय, मोठ्या कागदावर उतरवून द्या, भिंतीवर लावायचंय. आणि काही सुधारू नका.

तिसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त आहेत, हे इथे नोंदवून ठेवतो. तरी होत्या तशा उतरवल्या. खाली कोपऱ्यात बारीक लिहिलं, 'सुलेखन : पती'. तिने ते खोडायला लावलं. म्हणाली, यात तुमचं काय आहे?

खोडलं. पण उत्तर देणार. वृत्तातच देणार.