माझ्या उतारावर लॉर्नची पाटी नको

विचारायला नव्हे, सांगायला आले. सॅमन मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या क्लबचे मॅनेजर मिस्टर पेल्टन. मार्च महिना, नदीवर अजून बर्फ, आणि हा माणूस बूट न झटकता माझ्या स्वयंपाकघरात उभा. "आर्डेलाबाई, आनंदाची बातमी! लॉर्न या उन्हाळ्यात निवृत्त होतोय, तर तुमच्या उताराला आम्ही त्याचं नाव देतोय. ओकची पाटी करायला टाकलीसुद्धा." उतार माझा. माझ्या सासऱ्याने पहारीने धोंडे काढून केलेला. क्लबच्या होड्या तिथून पाण्यात उतरतात त्या मी नको म्हणत नाही म्हणून; कागद कुठेही नाही. मी विचारलं, "पाटीवर लिहिणार काय?" तर म्हणे, "छत्तीस पौंडी सॅमनचा गाईड, लॉर्न मॅक्रे." मी चहा विचारला नाही.

तो मासा मिळाला त्या दिवशी होडी मी धरली होती. माझ्या भावाने नव्हे. वकील म्हणाला, मृत्युपत्रात आधी नाव-गाव लिहायचं असतं, तक्रार नाही. बरं, लिहिते नाव-गाव.

मी आर्डेला डनफी, माहेरची मॅक्रे, वय बावन्न, कै. अमोस डनफी यांची पत्नी, राहणार डनफी उतार, अपसाक नदी, न्यू ब्रन्सविक. शाळा पाचवीपर्यंत. माझं डोकं ठिकाणावर आहे. सोळा मे रोजी शहरातल्या इस्पितळात माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. उठले तर उत्तम. नाही उठले तर हा कागद चालवायचा. हे मी माझ्या मर्जीने लिहिते आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, आणि आणायची कोणाची छाती असेल तर त्याने येऊन बघावं. आधीचं मृत्युपत्र अमोसच्या नावाचं होतं. तो माझ्याआधी गेला, तेव्हा ते रद्द.

१. घर आणि घराभोवतीची जमीन, उतार सोडून, माझी भाची ग्रेटा हिला. ग्रेटा म्हणजे लॉर्नची मुलगी, वय एकतीस, शाळेची बस चालवते. आम्हाला मूल झालं नाही. त्यावर गावाने बोलायचं तेवढं बोलून झालंय, आता दफनाच्या दिवशी पुन्हा नको. मागच्या दाराची दुसरी पायरी कुजली आहे, ती ग्रेटाने आधी बदलावी, मग सामान हलवावं. लाकडाची चूल वहिनी मागेल. देऊ नये.

२. बँकेत जे असेल त्यातून दफनाला पाइनची साधी पेटी आणि येणाऱ्यांना जेवण. जेवण म्हणजे काकवी घालून शिजवलेला घेवडा, ताजी भाकरी आणि हंगाम असेल तर नदीकाठच्या नेच्याचे कोवळे कोंब, लोणी घालून. क्लबातून आणलेले ते चौकोनी सँडविच नकोत. उरलेले पैसे ग्रेटाला. चर्चमध्ये लॉर्नने उठून भाषण करायचं नाही. उठलाच तर फादरनी घंटा वाजवायला सांगावी.

३. माशा, म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून करतात ती खोटी आमिषं, बांधायचं सगळं सामान: गळ पकडायचा शेगडा, कात्र्या, कोंबड्याची पिसं, अस्वलाचे केस, रेशमाची रिळं, हे बर्नी टूमीला. होय, त्याच बर्नीला. वीस वर्षं तो माझी काळी माशी चोरून बांधतो आणि स्वतःची म्हणून पाहुण्यांना विकतो. चोरीचं मला एवढं नाही, पण बुडाचा हिरवा दोरा तो बोटाएवढा जाड गुंडाळतो आणि लोकांना वाटतं ती माझी. डब्यात माझ्या हातच्या सहा आहेत. त्या समोर ठेवून शिक म्हणावं, बर्नी.

४. माझी होडी ग्रेटाला. सव्वीस फूट, सिडर लाकडाच्या पट्ट्या, वरून हिरवं कॅनव्हास. अमोसने आणि मी दोन हिवाळे खपून केली. सोबत तळाला टेकवून होडी ढकलायचे दोन्ही दांडे, वल्ही, नांगर आणि माझी गळाची छडी. या देण्याला अट कसलीही नाही. बापाचं पाप मी पोरीच्या होडीत भरणार नाही.

पण शिकवण आहे, ती लिहून ठेवते. नांगर माशाच्या बैठकीच्या, म्हणजे तो थांबतो त्या जागेच्या, बराच वर टाकायचा. पाहुणा पुढे, आपण मागे. पहिली फेक आखूड, मग दर फेकीला हातभर दोरी जास्त. पोचेल तेवढी दोरी सुटली की नांगर हलकेच उचलायचा, होडी एका होडीभर खाली सोडायची, पुन्हा नांगर, पुन्हा आखूड फेक. सगळी नदी अशी पायरीपायरीने उतरायची. घाई करणाऱ्या पाहुण्याला गप्प बसवायचं. पैसे तो देतो, पण नदी आपण जाणतो. आणि पाणी जोराचं असेल, नांगराच्या आवाजाने मासा बुजत असेल, तर नांगर टाकायचाच नाही. मागच्या टोकाला उभं राहून दांडा तळाच्या खडकात रोवायचा आणि अंगाच्या भाराने होडी जागच्या जागी धरायची. ग्रेटाला हे येतं. मी शिकवलं. तेवीस वर्षांची होती तेव्हा दांड्यावर भार टाकून उभी असताना मला म्हणाली, "आत्या, बाबांना तर नांगराशिवाय कधी उभं राहिलेलं बघितलं नाही. मग त्या मोठ्या माशाच्या दिवशी कसे राहिले?"

मी म्हटलं, "बापाला विचार."

तिने विचारलं. तो म्हणाला, "तेव्हा गुडघे बरे होते."

५. आता तो दिवस. वकील म्हणाला, बाई, इथे गोष्ट नको. मी म्हटलं, उतार कोणाला का देते हे लिहायला नको का? मग म्हणाला, लिहा.

जुलै १९७२. मी तेव्हा क्लबात स्वयंपाकीण. होडीत बाईने दांडा धरायचा नाही असा क्लबचा नियम, आणि गाईडचं लायसन माझ्याकडे नव्हतं. तीन धोंड्यांच्या डोहावर मी काठाला चहाची किटली चढवली होती. लॉर्न होडीत, पुढे डॉक्टर व्हिटकोम, बॉस्टनचे म्हातारे. आदल्या रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला होता, पाणी हातभर चढलं होतं. चढल्या पाण्यात सॅमन मधली धार सोडून काठाकडे सरकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लॉर्न मात्र रोजच्या खुणेने चालला: मधला धोंडा डावीकडे, बर्चचं झाड समोर, टाक नांगर. रोज तिथे पाणी मोकळं असायचं. त्या दिवशी नेमका तिथेच मासा बसलेला मला काठावरून दिसत होता.

मी ओरडले, "लॉर्न, माशाच्या डोक्यावर नांगर टाकतोयस!"

"तू किटली बघ," म्हणाला, आणि टाकला.

मासा असा उसळला की डॉक्टरांची टोपी भिजली. मग डॉक्टर जे बोलले ते मी फादरच्या हाती जाणाऱ्या कागदात लिहीत नाही. लॉर्न काठाला लागला, होडीतून उतरला आणि लाथेने माझी किटली उडवून झाडीत निघून गेला. बत्तीस वर्षांचा घोडा, रुसून.

डॉक्टर होडीतच बसून होते. मला म्हणाले, "बाई, मासा कुठे गेला दिसलं का?"

"दिसलं. खालच्या धोंड्याच्या पाठीमागे, काठाला लागून."

"नेशील?"

"माझ्याकडे लायसन नाही, डॉक्टरसाहेब."

"लायसन मागितलं का मी?"

मी बूट काढले आणि चढले. नांगर पायाखाली ठेवला, पाण्याला लावला नाही. दांडा रोवला आणि होडी धरली. डॉक्टरांच्या दोरीला माझी काळी माशी बांधली. अकरा फेकी माशाने बघून सोडल्या, बाराव्या फेकीला घेतली. त्यानंतर अर्धा मैल खाली, दोन खळाळांतून, मासा पुढे आणि आम्ही मागे; मी दांडा मारत होडी आवरत होते आणि डॉक्टर "देवा, देवा" करत होते. पाऊण तासाने वाळूला लागलो. हाताची सालटी निघाली होती. त्याचे वण आहेत, इस्पितळातल्या डॉक्टरने विचारलंसुद्धा.

आमच्याकडे रीत अशी: असा मासा मिळाला की त्याला पाइनच्या फळीवर आडवा ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, तो आकार कापायचा, रंगवायचा आणि क्लबच्या जेवणघरात लावायचा. फळीवर पाहुण्याचं नाव आणि गाईडचं नाव. लॉर्नचा हात चाकूवर बसलेला, म्हणून फळी नेहमी तोच कोरतो. डॉक्टर म्हणाले, यंदा लायसनवाल्याचं नाव घाला, नाहीतर या बाईला दंड होईल, पुढल्या वर्षी मी आलो की बदलू. मी हो म्हटलं. हे माझ्या तोंडाने म्हटलं, लपवत नाही. पुढल्या वर्षी डॉक्टर आले नाहीत, हिवाळ्यातच वारले.

१९७९ साली मला लायसन मिळालं. या क्लबातली लायसन मिळवलेली पहिली बाई. त्याच दिवशी लॉर्नला म्हटलं, "आता बदल."

तो म्हणाला, "आर्डे, लोक हसतील. आणि तुला काय फरक पडतो? तू तेव्हा स्वयंपाकीण होतीस."

त्या एका माशावर तो मुख्य गाईड झाला. आणि माझ्या कानाने ऐकलंय, जेवणघरात फळीखाली उभा राहून पाहुण्यांना सांगतो, "मी बूट काढले, नांगर पायाखाली ठेवला." माझे बूट! माझा पाय! चोरायचं ते नाव चोर, पण माझे अनवाणी पायसुद्धा?

पेल्टन येऊन गेल्यावर मी लॉर्नकडे गेले. तो दारात लाकडं फोडत होता.

"पाटीला हो म्हणालास?"

"मी मागितली का? ते आपणहून देतायत."

"नको म्हणायला जीभ नव्हती?"

"मरायला टेकलीस तरी ती फळी सोडत नाहीस तू."

"टेकले नाही. झडप बदलतायत."

"मग बदलून ये, नंतर बोलू."

"नंतर मी नसले तर कोणाशी बोलशील? पेल्टनशी?"

यावर त्याने कुऱ्हाड उचलली आणि पुढचं लाकूड लावलं. लाकूड ओलं होतं, फुटत नव्हतं, तरी मारत राहिला. मी तिथेच उभी होते, त्याने वर बघितलं नाही. भाऊ वाईट नाही, हेही लिहिते. अमोस गेला त्या हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ रोज सकाळी मी उठायच्या आत काढलेला असायचा. कोण काढतं ते त्याने कधी सांगितलं नाही. चांगलं केलेलं लपवतो आणि न केलेलं सांगत सुटतो, असा हा माणूस.

६. उतार. म्हणजे माझ्या कुंपणापासून पाण्यापर्यंतची वाट, वाळू आणि होड्या ठेवायची शेड. याचे दोन मजकूर लिहिते. चौदा मे रोजी दुपारी बारा वाजता यातला एक मी साक्षीदारांसमोर खोडेन आणि पुन्हा सही करेन. वकील म्हणतो असं चालतं, पण त्याने असं पूर्वी कोणी केलेलं बघितलं नाही. आता बघेल.

(अ) फळीवरचं "लॉर्न मॅक्रे" तासून तिथे "आर्डेला डनफी" कोरलं गेलं, आणि ते लॉर्नने स्वतःच्या हाताने कोरलं, तर: उतार ग्रेटाला, आणि क्लबच्या होड्यांना पंधरा वर्षं तिथून उतरायचा हक्क, लेखी. लॉर्नच्या नावाची पाटी तरीही नाही. माझ्याही नावाची नको. उताराला पाटी कशाला? पाणी दिसतं की.

(ब) नाही कोरलं, तर: उतार गावाला, सगळ्यांसाठी खुला, फक्त क्लबची एकही होडी, एकही पाहुणा आणि मिस्टर पेल्टन यांचे बूट तिथे लागायचे नाहीत. क्लबने होड्या ट्रकवर लादून चार मैल वर पुलापाशी न्याव्यात. पुलाखाली खडक आहेत. त्यांनी जपून राहावं.

क्लबने सुतार बोलावून नाव बदललं, तर ते (ब) धरायचं. मला क्लबची दया नको. ज्याने लिहिलं त्यानेच तासायचं.

७. हे सगळं पार पाडायचं काम ग्रेटाचं. ती बापाची बाजू घेणार नाही आणि माझीही घेणार नाही. म्हणून तिलाच.

हे मृत्युपत्र मी वाचलं, मला वाचूनही दाखवलं, आणि दोन्ही वेळा एकच निघालं. खाली सही करते.

आर्डेला डनफी

साक्षीदार, यांना मी काहीही दिलेलं नाही, म्हणून यांची सही चालते (इर्मा म्हणाली, "निदान चूल तरी दे." नाही):

इर्मा लेजेर, पोस्टमास्तरीण
वॉल्टर सावॉय, दुकानदार

मुक्काम डनफी उतार, अपसाक नदी
सोमवार, २२ एप्रिल १९९६

प्रत: लॉर्न मॅक्रे, हातोहात.

लॉर्न, तू हे मधलं सोडून शेवट आधी वाचणार, मला माहीत आहे, म्हणून इथे लिहिते. ती फळी उतरवायला दोन खिळे काढावे लागतात आणि नाव तासायला अर्धा दिवस. मी इस्पितळात निजायच्या आधी मला कळलं पाहिजे. मंगळवार, चौदा मे, दुपारी बाराच्या आत माझ्या दारात ये आणि तोंडाने सांग, माझं नाव कोरलंस का: हो की नाही. चिठ्ठी नको, वहिनीला पाठवू नको, आणि "बघू" म्हणालास तर ते "नाही" धरेन.