सतराव्या पानावरचा गोल

प्रिय ठमे,

फाडायच्या आधी वाच. सहा वर्षांत तुझी चार ओळींची चिठ्ठी नाही, मीही लिहिलं नाही, म्हणजे फिटंफाट. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून उकळला, तिला बोलू नकोस. माझी शाळा चौथीपर्यंतची, चुका दिसतील त्या पोटात घाल.

मी चार वर्षं झाली वाचनालयात झाडलोट करते. हो, तिथेच. ज्या दारात मी तुला पुन्हा पाय ठेवू दिला नाही तिथली फरशी रोज पुसते. काम बरं आहे, माणसं बोलत नाहीत, मला तेच हवं असतं. ग्रंथपालबाई तुझ्या वेळच्याच. केस पिकले, डोळ्यांचा धाक तसाच.

बातमी म्हणजे आमच्या वाचनालयाला अनुदान मिळालं, तेही फक्त रहस्यकथांसाठी. कुणी श्रीमंत म्हातारा मरताना तशी सोय करून गेला म्हणे. मी बाईंना म्हटलं, छप्पर गळतंय त्याला कुणी काही देत नाही आणि खून-दरोडे वाचायला देतात. बाई म्हणाल्या, वाचायला माणसं आली तर छपराकडेही कुणी बघेल. तीनशे नवी पुस्तकं आली, चकचकीत, उघडताना करकर वाजतात. आता त्यांना जागा हवी म्हणून जुनी फाटकी काढायची. बाई त्याला निर्लेखन म्हणतात, मी रद्दी म्हणते.

ते काम माझ्या गळ्यात पडलं. एकेक पुस्तक उघडायचं, आत कुणाचं काही राहिलंय का बघायचं, सतराव्या पानावर वाचनालयाचा शिक्का असतो त्यावर काट मारायची आणि पोत्यात टाकायचं. त्या शिक्क्याशेजारी जिथे तिथे पेन्सिलीच्या खुणा. कुठे फुली, कुठे मासा, कुठे दोन टिंबं. हे काय म्हणून बाईंना विचारलं. तर म्हणाल्या, वाचणारे पुस्तकांची नावं विसरतात, अर्धं वाचून झाल्यावर आठवतं की खुनी कोण ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जो तो वाचलं की आपली खूण करून ठेवतो.

माझ्या हातातल्या पुस्तकात एक गोल होता, त्याला चिकटून चांदणी. मी तिथेच स्टुलावर बसले.

तुझी चांदणी मला पाठ आहे गं. तुझ्या दप्तरातल्या तीन पुस्तकांत, तिन्हींच्या सतराव्या पानावर, एका गोलाला चिकटून ती मी पाहिली होती. गोल एका मापाचा, नीट काढलेला. मला वाटलं, कुणा पोराशी खाणाखुणा चालल्यात. मी तुला मारलं, वाचनालयाचं कार्ड फाडलं, कोण आहे तो म्हणून अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडले. तू एकच वाक्य बोललीस. "तुझ्यासमोर त्यांचं नाव तरी काढता येतं का?" ‘त्यांचं’ म्हणालीस. त्याला अहो-जाहो करण्यापर्यंत मजल गेली म्हणून मी आणखी भडकले. आठवडाभरात तू घर सोडून गेलीस.

बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, गोलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तुझाच नवरा. ओळखलं नाहीस?"

घरी येऊन शिलाई मशीनचा खण उपसला. तुझे बाबा गेले तेव्हा त्यांचं सगळं मी महिन्याच्या आत काढून टाकलं होतं, एवढा खण राहिला. त्यात शर्टाचं एक जुनं बटण आहे, कडेला पेन्सिलीचं काळं लागलेलं. दुसऱ्या दिवशी ते पानावर ठेवलं. गोलात बरोबर बसलं.

म्हणजे तू बापाच्या मागून मागून वाचत होतीस. आणि घरात त्यांचं नाव निघालं की मी अंगावर यायचे, कारण रडत बसले असते तर चूल कोणी पेटवली असती. हे कारण आहे, सबब नाही. तू सांगणार तरी कशी होतीस मला?

नऊ पुस्तकं अशी निघाली की ज्यांत गोल आहे आणि चांदणी नाही. तुझं कार्ड मी फाडलं नसतं तर तिथेही असती. बाईंकडून मागून ती घरी आणली, फडताळात तुझ्या कप्प्यात ठेवली. त्यातलं एक मी वाचलं. ओळीखाली बोट ठेवून, तीन आठवडे. खुनी कोण ते मला पन्नासाव्या पानावरच कळलं होतं, शेवटी तो निघालाच नाही. माझं असंच. वाचून झाल्यावर मीही सतराव्या पानावर एक रेघ ओढली, पण पार खाली, कोपऱ्यात. गोलाशेजारची जागा तुझी आहे, ती कोरी ठेवली आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. ये, वाच, चांदणी काढ आणि जा. पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.

तुझीच, सहा वर्षं उशिरा कळलेली,
आई